बांबूंच्या अलीकडे

३ नोव्हेंबर
टॅमरॅक, मोंटाना

ॲडेल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे मक्याच्या शेताचं चित्र, मागे दोन ओळी: "मला हवामान कळवू नकोस. त्या दिवशी खड्डा कोणी खणला ते कळव." सही नाही. उघडं कार्ड, त्यामुळे पोस्टातल्या बाईने वाचलं असणारच. माझ्या हातात देताना तिने ते चित्राची बाजू वर करून दिलं, एवढी सभ्यता तिच्यात आहे.

तू गाव सोडून गेलीस त्याला अकरा महिने होतील. एवढ्यात मी नऊ पत्रं लिहिली आणि त्यावर आलेलं हे पहिलं उत्तर.

बर्फ तपासायचा तो खड्डा कोणी खणला ते अपघाताच्या चौकशीच्या अहवालात आहे, पान सहा. तुझ्याकडे प्रत आहे. तुझ्या रॉइसने खणला. माझ्या वहीत त्या तारखेला त्याची आद्याक्षरं आहेत. ज्या माणसांनी ती वही तपासली त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. यात भर घालावी असं माझ्याकडे काही नाही.

हवामान मी लिहिणारच. दुसरं मला येतंय काय? सत्तावीस ऑक्टोबरला कड्यावर आठ इंच बर्फ पडला, जड आणि ओला. मग आभाळ स्वच्छ झालं. पुढचे दहा दिवस निळं आकाश आणि कडाक्याची थंडी आहे. गावातले लोक खूश आहेत, अंगणात उभं राहून कॉफी पितात. मी मात्र कपाळाला हात लावून बसले आहे. तू स्की-गस्तवाल्याची बायको म्हणून चोवीस वर्षं काढलीस, तुला वेगळं सांगायला नको. पातळ थर आणि वर उघडं गार आभाळ असलं की तळाचा बर्फ कुजतो, त्याची साखर होते, जाड दाण्याची, मुठीत धरली तरी न चिकटणारी. नंतर त्यावर दहा फूट पडला तरी तो त्या साखरेवरच बसलेला असतो.

नॉर्बर्टला हे सांगितलं. स्कीच्या डोंगराचा मॅनेजर होऊन त्याला सहा वर्षं झाली, पण अजून बर्फ म्हणजे त्याला मालच वाटतो. "व्हर्ना, मला दाण्यांचं पुराण नको," म्हणाला. "थँक्सगिव्हिंगला लिफ्ट चालू होणार की नाही, तेवढं बोल."

तुझ्याकडे नेब्रास्कात डोंगर औषधालाही नाही. बरं आहे ते.

व्हर्ना


१६ नोव्हेंबर

ॲडेल,

आजपासून वाडगा, कड्याखालचा तो खोलगट उतार, तुडवायला घेतला. यंदा चौतीस माणसं आली आहेत. पंधरा दिवस तुडवलं की हंगामाचा पास फुकट, हा सौदा अजून चालू आहे. बहुतेक ओळखीचेच चेहरे: सुतार, दोघी शिक्षिका, तो मधमाश्यावाला. स्की नाहीत, नुसते बूट. हातभर अंतर ठेवून एका रांगेत उभं राहायचं आणि पाय रोवत उतार उतरायचा. मांडीपर्यंत पाय जातो, तळाची साखर चुरडते आणि बर्फ घट्ट बसतो. परत वर, परत खाली. दुपारी पोटऱ्या बोलायला लागतात.

वाडग्याचा पलीकडचा तिसरा हिस्सा यंदाही तसाच राहणार. वर कडे आहेत, तिथे पायी माणसं पाठवता येत नाहीत. जिथे तुडवलेलं संपतं तिथे आम्ही बांबूंची ओळ रोवतो. वाडगा लोकांसाठी उघडला की बांबू काढून टाकावे लागतात, नाहीतर कोणीतरी त्यावर जाऊन आपटेल. मग ती ओळ फक्त आमच्या डोक्यात उरते. रॉइस वरच्या वाळलेल्या झाडावरून आणि लिफ्टच्या अकराव्या खांबावरून ती अचूक सांगायचा. मलाही सांगता येते.

काल नव्या भरतीचा वर्ग घेतला. पाच जण आहेत. दर वर्षी सांगते तेच सांगितलं: खड्डा बांबूंच्या पलीकडे खणायचा, न तुडवलेल्या बर्फात. तुडवलेला बर्फ नेहमी चांगलीच बातमी देतो. अलीकडे खणलात तर भिंत घट्ट दिसेल, तुम्ही खूश व्हाल, आणि पलीकडचा उतार तुमची वाट बघत असेल. एकीने हात वर केला. चांगली तिशीची बाई, आधी नर्स होती. म्हणाली, "म्हणजे रॉइस करायचं नाही, एवढंच ना?"

हसले सगळे. तिला तो माणूस कोण हे माहीतही नव्हतं, तिला वाटलं हा आमच्या धंद्यातला शब्द आहे.

ॲडेल, तो शब्द मी काढलेला नाही. गस्तीतल्या लोकांनी काढला, आपोआप पडला. तू त्या दिवशी दुकानात तो ऐकलास, दूध तिथेच काउंटरवर ठेवून बाहेर पडलीस आणि तीन आठवड्यांत घर रिकामं केलंस, तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी थांबेल. मी थांबवला नाही हे खरं आहे. काल ती बाई म्हणाली तेव्हा मी "बरोबर" म्हटलं आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

व्हर्ना


७ डिसेंबर

ॲडेल,

तळाला अकरा इंच साखर. तीस वर्षांत इतकी वाईट सुरुवात मी दोनदाच पाहिली, एक ही आणि एक त्या वर्षीची. वर जेमतेम दोन फूट. लिफ्ट चालू आहेत, वाडगा बंद. नॉर्बर्ट रोज विचारतो, मी रोज नाही म्हणते. सकाळच्या अहवालात मी "वाडगा बंद" एवढंच लिहिते, कधी उघडेल ते लिहीत नाही. पूर्वी लिहायचे. अख्खं खोरं साडेपाचला तो अहवाल उघडून बसायचं, आणि मी दहा म्हटलं तर दहाला वाडग्यापुढचा बंदीचा दोर निघायचा. लोक घड्याळ लावायचे माझ्यावर. मला ते फार आवडायचं, हे तुला माहीतच आहे, तूच मला हवामानाची राणीसाहेब म्हणायचीस.

आमच्याकडे जोलीन म्हणून एक आली आहे, आयडाहोची, बत्तीस वर्षांची. माझ्या हाताखाली आहे आणि माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे. तसं तिने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, त्यामुळे राग धरता येत नाही. परवा म्हणाली, "हा हंगाम त्या हंगामासारखा चाललाय. ती वही दे, ताडून बघते."

दिली. न देऊन काय करणार?

संध्याकाळी ती वही उघडी धरूनच आली. "आद्याक्षरं रॉइसची, हस्ताक्षर तुझं. असं का?"

"त्याचे हात गारठले होते. तो बोलला, मी लिहिलं."

"आणि इथे लिहिलंय, तळ घट्ट. त्या वर्षी सगळ्या डोंगरावर साखर होती. चोवीस वर्षं बर्फ खणणाऱ्या माणसाला घट्ट तळ बघून शंका आली नाही?"

"माणूस होता. चुकला."

"हं," म्हणाली. वही बंद केली, माझ्या टेबलावर बरोबर कोपऱ्याला कोपरा लावून ठेवली आणि गेली.

त्या दिवसापासून जेवण नीट जात नाही. तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात अजून शुक्रवारी राजमा घातलेल्या चिलीबरोबर दालचिनीचा रोल देतात का? आईने केलेला तो बेत मला सारखा आठवतो. भूक नसताना असलं काहीतरी आठवतं.

व्हर्ना


२० डिसेंबर

ॲडेल,

तुझं पुन्हा काही नाही. ठीक आहे.

पण तुला नेमकं काय हवंय? खड्डा कोणीही खणला असला तरी रॉइस नऊ जानेवारीला सकाळी दहा वाजून पंधरा मिनिटांनी साडेपाच फूट बर्फाखाली सापडला. मीच शोधला. माझ्याच फावड्याला त्याचा खांदा लागला. गाडला जाऊन तेवीस मिनिटं झाली होती. कागदावर कोणाचंही नाव असतं तरी तेवीसची बावीस झाली नसती. तुला नवरा गेल्याचं दुःख आहे की त्याच्या नावाला डाग लागल्याचं, हे एकदा स्वतःला विचार. लोक काय म्हणतात याची तुला लहानपणापासून पडलेली असते. मी इथे रोज त्या उतारासमोर उभी राहते. तू सोडून गेलीस.

हे पत्र पाठवू नये असं वाटतं आहे. पाठवते.

व्ह.


२ जानेवारी

ॲडेल,

मागचं पत्र फाडून टाक. फाडलं असशीलच.

परवापासून मोठं वादळ येतंय. सगळे अंदाज एका सुरात बोलताहेत, जे कधी होत नाही: दोन दिवसांत तीस इंच, वारा नैऋत्येचा, म्हणजे सगळा बर्फ उचलून वाडग्याच्या पलीकडच्या हिश्श्यावर आणून टाकणार. त्याआधी तळ कसा आहे हे बघायला जोलीन आज पलीकडे गेली. मी वर कड्यावर थांबले होते. खड्डा खणून तिने भिंतीतून बर्फाचा खांब कापून काढला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारायला सुरुवात केली. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा, असं असतं. मनगटाच्या दुसऱ्याच थापेला अख्खा खांब तळापासून सुटून तिच्या मांडीवर आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातमोज्यात मूठभर साखर होती. तिने ती माझ्या हातावर ओतली.

ती साखर त्या दिवशीही तिथेच होती. माझ्या फावड्यापासून सत्तर पावलांवर.

ॲडेल, खड्डा मी खणला.

आता सगळं लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

त्या ऑक्टोबरात माझा उजवा गुडघा गेला होता. आतली कूर्चा फाटली होती. मी कोणालाही सांगितलं नाही. दोन गावं सोडून एका डॉक्टरकडे जाऊन सुया घेत होते. समजलं असतं तर मला खुर्चीत बसवून कागद दिले असते, आणि मला वाटलं त्यापेक्षा मेलेलं बरं. हो, मी हाच शब्द वापरला होता मनात.

नऊ तारखेला सकाळी साडेपाचला मी अहवालात लिहिलं: नवा बर्फ सोळा इंच, वाडगा दहाला उघडेल. अजून अंधार होता, मी डोंगरावर पाऊलही टाकलं नव्हतं. पण इतकी वर्षं माझा शब्द खाली पडला नव्हता. नऊला लिफ्टखाली सहाशे माणसं उभी होती. उतार मुद्दाम सोडवायला वरून दोन स्फोटकं टाकली, काही हललं नाही. राहिला फक्त खड्डा. नियमाने दोघं लागतात, पण माणसं कमी होती, रॉइस वर दोराजवळ होता. मी म्हटलं मी जाते.

पलीकडे पोचायला मांडीभर बर्फात शंभर पावलं आडवं चालावं लागतं. मी तीस चालले आणि गुडघा खाली बसला. तिथेच खणलं. मला वाटलं होतं ओळ जवळच असेल, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तेही खरं नाही. भिंतीच्या तळाशी बुटाच्या टाचेचा ठसा गोठलेला होता. नोव्हेंबरात कोणीतरी तिथे पाय रोवला होता, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. तरी थापा मारल्या. खांद्यातून दहा झाल्या तरी खांब ढिम्म. हलेल कसा?

रेडिओवर रॉइसने विचारलं, "मेव्हणीबाई, कुठे खणलास?"

मी म्हटलं, "बांबूंच्या पलीकडे."

दहाला दहा मिनिटं कमी होती. म्हणजे माझा दहाचा शब्द पाळता येणार होता. त्यापुढे रेडिओवर काही झालं नाही. तो पलीकडच्या टोकाचा दोर सोडायला आडवा निघाला, चाळीस एक फूट गेला आणि उतार जमिनीपासून सुटला. वरून खालपर्यंत सगळा. पण जिथे मी उभी होते तो हिस्सा जागचा हलला नाही. तो तुडवलेला होता.

शेरिफची माणसं यायच्या आधी मी शेडमध्ये बसून वही भरली. खणणाऱ्याच्या रकान्यात आर. एम. लिहिलं. मी मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडलं, आणि तो तुझा नवरा होता, ॲडेल. मग दोन वर्षं नव्या लोकांना त्याची चूक शिकवली.

मी माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही मला.

व्हर्ना


१३ जानेवारी

ॲडेल,

तुझं कार्ड काल आलं. "मला माहीत होतं. त्याने अलीकडे खणलं नसतं. आता हे तिथे प्रत्येकाला सांग." तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

खरं सांगायचं तर कार्डाची वाट न बघता मी नऊ तारखेलाच सांगितलं होतं. सकाळची बैठक होती, एकोणीस जण, हातात कप. वादळाने एकतीस इंच टाकला होता आणि सगळ्यांचे डोळे बर्फाकडे लागले होते. मी उभी राहिले आणि तुला लिहिलं तेच बोलले. गुडघा, तीस पावलं, टाचेचा ठसा, वही. काहीच गाळलं नाही.

मग म्हातारा ऑर्व्हिल, रॉइसबरोबर वीस वर्षं काम केलेला, उठला आणि त्याने मला मिठीत घेतलं. "व्हर्ना," म्हणाला, "किती छळशील स्वतःला? बहीण तुटली, त्याचं हे सगळं. आम्हाला कळतं. आज त्याचा दिवस आहे, तू घरी जा."

"ऑर्व्हिल, मी खरं सांगतेय."

"हो गं. हो."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवायचाच नव्हता. ठेवला तर त्यांना दोन वर्षं तोंडात घोळवलेल्या शब्दाचं काहीतरी करावं लागलं असतं. मला वाटलं होतं ते अंगावर येतील, थुंकतील. माझी अशी समजूत काढतील याची मी तयारीच केली नव्हती.

नॉर्बर्टने मला खोलीत बोलावलं, दार लावलं. त्याला पटलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. म्हणून तर तो घाबरला. "हे बघ," म्हणाला, "चौकशी बंद झालीय. कोणावर काही आलं नाही. तू हे उघडलंस तर वकील येतील, डोंगर बंद पडेल, तीनशे घरं बसतील. कोणासाठी? तो काही परत येणार नाही."

"त्याचं नाव येईल परत."

"नावाने कोणाचं पोट भरतं?"

मी वहीतलं ते पान आणि माझं लेखी निवेदन शेरिफच्या कचेरीत देऊन आले. तिथल्या माणसाने पोच दिली आणि म्हणाला कळवू. त्याच दुपारी मी शेडमध्ये स्कीच्या कडा घासत बसले होते, रेडिओ चालू होता. कोणीतरी कोणालातरी सांगत होतं, "अजून पुढे जाऊन खण. रॉइस करू नकोस." सकाळी बैठकीत माझ्यासमोर बसलेलाच आवाज होता तो. मी ऐकतेय हे त्याला माहीत होतं आणि त्यात त्याला काही विचित्र वाटलं नाही.

आयुष्यभर मी जे सांगितलं ते लोकांनी खरं मानलं. त्यात खोटंही मानलं. आता खरं सांगते आहे तर कोणी मानत नाही. मी हात टेकले, ॲडेल. मला कळत नाही आता हे कोणाला आणि कसं सांगू.

व्हर्ना


२७ जानेवारी

ॲडेल,

परवा पहाटे पाचला मी नेहमीसारखी पांढऱ्या फळीवरचा नवा बर्फ मोजला, फळी पुसून कोरी केली आणि आत येऊन अहवाल लिहिला. नवा बर्फ चौदा इंच. तळाला साखर, अजून कच्ची. वारा नैऋत्य. वाडगा बंद. आणि त्याखाली: "दोन वर्षांपूर्वी नऊ जानेवारीचा खड्डा मी खणला होता, बांबूंच्या अलीकडे. रॉइस मॅडिगनने विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं आणि तो माझ्या शब्दावर गेला. चूक त्याची नव्हती. व्हर्ना ओस्टबी." मग पाठवलं.

अकरा मिनिटं ते राहिलं. मग नॉर्बर्ट जागा झाला आणि ते गेलं. पण साडेपाच ते पावणेसहा म्हणजे अख्खं खोरं त्यावर डोळे लावून असतं, कॉफी घेताना, बूट घालताना. शेकडो लोकांनी वाचलं. फोन वाजायला लागला. मी प्रत्येक उचलला, म्हटलं ऐकून घेऊ, जे असेल ते. पहिल्याने विचारलं, चौदा इंच पडूनही वाडगा बंद का? दुसरीने विचारलं, दुपारी तरी उघडेल का? तिसऱ्याने, उद्या? साडेसातपर्यंत हेच. एकाने मधेच म्हटलं, "ते खालचं वाचलं, वाईट झालं," आणि लगेच, "पण उत्तरेकडची लिफ्ट तरी चालू करताय ना?"

आठ वाजता नॉर्बर्टने माझ्याकडून किल्ल्या घेतल्या. ओरडला नाही. "तीस वर्षं," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी जोलीन घरी आली. बूटसुद्धा न काढता दारातच उभी राहिली. "नकाशा आणलाय," म्हणाली. "नेमकं कुठे ते दाखव." मी पेन्सिलीने खूण केली. तिने लिफ्टचे खांब मोजले, झाडावरून रेघ ओढली, अंतर लिहून घेतलं, ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. सांत्वन नाही, राग नाही. माझ्या बोलण्यावर उघडपणे विश्वास ठेवणारं इथे ते एकच माणूस निघालं, आणि तिने तो बर्फासाठी ठेवला. जाताना म्हणाली, "वर्गाच्या कागदावरून त्याचं नाव मी खोडलंय. तुझं घातलंय. चालेल ना?"

"चालेल."

"चालेल का म्हणून विचारलं नाही. सांगितलं."

त्यामुळे आता पुढच्या भरतीपासून "व्हर्ना करू नकोस" असं होईल. ऑर्व्हिल आणि बाकीचे जुने लोक रॉइसच म्हणत राहतील, जिभेला वळण पडलं आहे. ते मरतील तेव्हा जाईल. मला वाटलं होतं थोडं हलकं वाटेल. नाही वाटलं. सकाळी साडेचारला जाग येते आणि मोजायला काही नसतं.

तुझं तिसरं कार्डही आलं. "त्याने शेवटचं काय म्हटलं?"

मी दोन तारखेच्या पत्रात लिहिलं की त्यापुढे रेडिओवर काही झालं नाही. सगळं लिहिते म्हटलं आणि तेवढं ठेवून घेतलं. बैठकीत सांगितलं नाही, शेरिफला सांगितलं नाही, अहवालात लिहिलं नाही. ते तुझं आहे, घे.

मी "बांबूंच्या पलीकडे" म्हटल्यावर त्याने आणखी एक प्रश्न विचारला. वरून त्याला मी दिसत नव्हते, मधे उताराचा फुगवटा होता. पण मी निघाल्यापासून किती वेळ झाला ते त्याला माहीत होतं, आणि शंभर पावलांना किती वेळ लागतो तेही. गुडघ्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तो दर रविवारी आपल्या टेबलाशी माझ्यासमोर बसून जेवायचा. त्या वाहिनीवर सगळे ऐकत होते. त्याला कळलं असेल तर तो चारचौघांत माझी लाज राखत होता, मला शब्द फिरवायला वाट ठेवत होता. कळलं नसेल तर मला बरं वाटतंय ना एवढंच विचारत होता. यातलं कुठलं, हे मी दोन वर्षं स्वतःला विचारते आहे, आणि कुठलंही असलं तरी मला सुटका नाही.

तो म्हणाला, "मेव्हणीबाई, गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "मस्त."

तो म्हणाला, "बरं. निघतो मग."

व्हर्ना